लहान मुलांच्या हातातील अ‍ॅप : निवड आणि पारख





घाटकोपरमधील भटवाडी, असल्फा आणि चिराग नगर या भागांत मी घरभेटींना जाते. पूर्वी लोक शाळेचा प्रवेश, रेशन कार्ड, आधार कार्ड यांविषयी विचारत. हल्ली त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे : "ताई, आमच्या पोरासाठी चांगलं अ‍ॅप कुठलं?" दुसरीकडे आपल्या मंडळीतील हितचिंतक विचारतात, "घरात एक जुना टॅब पडून आहे. पाड्यावरच्या बालवाडीला दिला तर चालेल का? त्यात काय घालून देऊ?" दोन्ही प्रश्न प्रेमापोटी विचारलेले आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच अभ्यासातून मिळते. म्हणून या अंकाचा पाठ या विषयावर घेतला आहे.

दोन ते आठ वर्षांच्या मुलांचे आईवडील, आजी-आजोबा, संडे स्कूलचे शिक्षक आणि बालवाडीला मदत करणारे आपण सर्व, यांच्यासाठी हा पाठ आहे. महिला संघात किंवा कॉटेज मीटिंगमध्ये तो एकत्र वाचावा. वाचताना एक फोन जवळ ठेवावा, कारण मधला भाग नुसता वाचायचा नसून करून पाहायचा आहे.

१. आधी वय, मग अ‍ॅप

अ‍ॅप निवडण्याआधी मुलाचे वय विचारात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील बाळाला स्क्रीन दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, २०२१ च्या सूचनांत जवळजवळ हेच सांगितले : दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी कधीमधी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तासाच्या आत आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत.

म्हणजे दीड वर्षाच्या बाळासाठी चांगले अ‍ॅप कोणते, या प्रश्नाचे उत्तर "कोणतेही नाही" असे आहे. गावच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला हरकत नाही, कारण तिथे पलीकडे माणूस असतो, तो बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देतो. हेही लक्षात असू द्या की या तासात टीव्हीसुद्धा धरायचा आहे. एका खोलीच्या घरात मालिका चालू असते आणि मूल समोर बसलेले असते. तेवढा वेळ तासातून वजा झालाच.

दोन वर्षे पूर्ण झालेले मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर "फोन काढून घेतला की बोलेल" अशी स्वतःची समजूत घालू नका आणि बोलायला शिकवणारे अ‍ॅपही शोधत बसू नका. राजावाडी रुग्णालयातील बालरोग विभागात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे त्याला दाखवा. कारण ऐकण्याचे असू शकते, आणखीही काही असू शकते. या वयात गेलेले सहा महिने फार महाग पडतात.

२. कोसबाडची कसोटी

लहान मुलाच्या हातात काय द्यावे, हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात तो ऐंशी वर्षांपूर्वी अगदी नेमकेपणाने विचारला गेला होता, आणि तोही आदिवासी मुलांच्या संदर्भात.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरी पद्धतीची साधने सुंदर होती, पण महाग होती आणि दुसऱ्या देशात घडलेली होती. ताराबाईंनी ती पद्धत टाकून दिली नाही आणि साधनांची नक्कलही केली नाही. या साधनाने मुलाच्या हाताला, डोळ्याला, बुद्धीला नेमके कोणते काम मिळते, हे त्यांनी पाहिले. आणि तेच काम बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांनी होते का ते तपासले. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आज देशभर रूढ झालेला "अंगणवाडी" हा शब्द याच कामातून आला.

ताराबाईंची कसोटी आपल्याला जशीच्या तशी वापरता येते. साधन किती चकचकीत आहे, किती नवे आहे, कुठून आले आहे, हे बाजूला ठेवायचे. या साधनामुळे मूल काय करते, काय बोलते, आणि शेजारी असलेल्या माणसाकडे वळते की त्याला विसरते, एवढे पाहायचे. मोबाइलमधील अ‍ॅप हेही एक साधनच आहे. त्याला वेगळी सवलत देण्याचे कारण नाही.

३. चार खांब

हीच गोष्ट अलीकडच्या संशोधकांनी अ‍ॅपच्या संदर्भात मांडली आहे. २०१५ साली अमेरिकेतील कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुले कशी शिकतात यावरील संशोधन एकत्र केले आणि अ‍ॅप शैक्षणिक म्हणवण्यास पात्र आहे का, हे ठरवण्यासाठी चार खांब सांगितले. ते आपण आपल्या घरातील उदाहरणांनी समजून घेऊ.

पहिला खांब : मुलाचे डोके चालले पाहिजे. बोट चालणे म्हणजे डोके चालणे नव्हे. फुगा दिसला की फोडणे, यात बोट खूप चालते आणि विचार काहीच होत नाही. "कोणता डबा मोठा? यात काय मावेल?" असा विचार करावा लागला तर डोके चालले.

दुसरा खांब : लक्ष एका ठिकाणी टिकले पाहिजे. गोष्ट चालू असताना कोपऱ्यात ससा उड्या मारतो, मध्येच घंटा वाजते, नाणी पडतात, आणि मूल गोष्ट सोडून नाण्यांमागे लागते. अशी सजावट मुलाला गुंतवते, पण विषयापासून दूर नेते.

तिसरा खांब : शिकलेले आयुष्याशी जोडले गेले पाहिजे. बर्फाचे घर आणि झायलोफोन यांची चित्रे दाखवून इंग्रजी अक्षरे घोकून घेणारी असंख्य अ‍ॅप आहेत. आपल्या मुलाने या दोन्ही वस्तू कधी पाहिलेल्या नसतात. घाटकोपरच्या मुलाला रिक्षा, बेस्टची बस, मेट्रो ठाऊक असते. वर्सोवा मेट्रोला चार डबे असतात आणि बहुतेक लोकल गाड्यांना बारा. मोजणी शिकवायला एवढी मोठी पाटी आपल्या दारात उभी आहे. पाड्यावरच्या मुलाला मोह, भात, कोंबडी, खेकडा ठाऊक असतो.

चौथा खांब : माणसाशी देवाणघेवाण झाली पाहिजे. मूल अ‍ॅप पाहताना "आई, हे बघ" म्हणते का? अ‍ॅप त्याला तसे म्हणायला जागा देते का? की एकामागून एक चित्रे इतक्या वेगाने येतात की मान वर करायलाही सवड मिळत नाही?

याच चार खांबांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलांसाठी "शैक्षणिक" म्हणून दिल्या जाणाऱ्या १२४ अ‍ॅपना गुण देण्यात आले. त्यांपैकी ५८ टक्के अ‍ॅपना कमी गुण मिळाले. आपल्याकडे म्हणतात तसे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

४. लेबल वाचायला शिकू या

तेलाचा डबा घेताना आपण तारीख पाहतो. अ‍ॅप उतरवून घेतानाही प्ले स्टोअरच्या पानावर काही गोष्टी लिहिलेल्या असतात. त्या वाचायला एक मिनिट लागते.

"३+" याचा अर्थ : यात हिंसा, अश्लीलता किंवा भीतिदायक असे काही तीन वर्षांच्या मुलाला आक्षेपार्ह ठरेल इतके आढळले नाही, एवढाच. हे अ‍ॅप तीन वर्षांच्या मुलासाठी बनवले आहे किंवा त्याला काही शिकवते, असा त्याचा अर्थ होत नाही. हिशेब करण्याच्या कॅल्क्युलेटरवरसुद्धा "३+" असते.

"जाहिराती आहेत" : इन्स्टॉलच्या बटणाजवळ बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते. पाच वर्षांखालील मुले वापरतात अशा १३५ अ‍ॅपचा अभ्यास मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात होती. काही ठिकाणी खेळातील लाडके पात्रच मुलाला "हे विकत घे" म्हणून गळ घालते. चार वर्षांच्या मुलाला खेळ कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली, हे कळत नाही. कळण्याचे ते वयच नाही.

"अ‍ॅपमध्ये खरेदी" : याचा अर्थ अ‍ॅप फुकट आहे, पण आतली दारे पैशांनी उघडतात. मुलांनी आईवडिलांच्या नकळत अशी खरेदी केल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगासमोर अ‍ॅपल कंपनीने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले.

"डेटा सुरक्षा" : अ‍ॅप कोणती माहिती गोळा करते आणि कोणाला देते, ते येथे लिहिलेले असते. रंग भरण्याच्या अ‍ॅपला तुमचे ठिकाण, फोनमधील नंबरांची यादी किंवा मायक्रोफोन कशाला हवा? वाचून दाखवणाऱ्या मुलाचा आवाज ऐकणाऱ्या अ‍ॅपला मायक्रोफोन लागणारच. तेव्हा प्रत्येक परवानगीचे कारण विचारावे. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, त्यांच्यावर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. कायदा आपल्या बाजूचा आहे हे माहीत असावे, पण परवानगीच्या बटणावर बोट आपलेच असते.

तारे आणि डाउनलोडची संख्या यांवर विसंबू नये. तारे मोठ्यांनी दिलेले असतात, आणि पुष्कळदा "मूल शांत बसते" यासाठी दिलेले असतात.

आपल्या मंडळीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बायबलमधील गोष्टींचे अ‍ॅप असेल तर आपण डोळे मिटून देतो. त्यालाही हीच चाळणी लावा. नोहाच्या तारवाची गोष्ट मधेच थांबवून जाहिरात दाखवणारे अ‍ॅप, किंवा प्रत्येक प्राण्यावर बोट ठेवले की नुसती नाणी देणारे अ‍ॅप, हे विषय चांगला असला तरी साधन म्हणून कमी प्रतीचेच आहे.

५. पंधरा मिनिटांची परीक्षा

आता फोन हातात घ्या. मुलाला देण्याआधी अ‍ॅप स्वतः पंधरा मिनिटे खेळायचे आहे. भटवाडीत सहा आयांच्या गटाबरोबर आम्ही हे केले, तेव्हा प्रत्येकीने आपल्या फोनमधील एक अ‍ॅप निवडले आणि पुढील क्रमाने तपासले.

पहिली पायरी : नेट बंद करा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून अ‍ॅप उघडा. चालले तर उत्तम. जाहिरातींवर जगणारी बरीच अ‍ॅप येथेच अडखळतात.

दुसरी पायरी : मुद्दाम चूक करा. तीनऐवजी पाच आंबे टोपलीत टाका. अ‍ॅप काय करते? नुसता "टॉंव" असा आवाज काढून पुढे जाते, की "पुन्हा मोजू या" म्हणून मोजून दाखवते? चुकीनंतर मदत करणारे अ‍ॅप शिकवते. चूक असो वा बरोबर, दोन्हीला टाळ्या वाजवणारे अ‍ॅप फक्त खूश ठेवते.

तिसरी पायरी : काहीच करू नका. फोन एक मिनिट तसाच धरा. मूल विचार करत असेल तर त्याला वेळ देण्याइतके अ‍ॅप शांत राहते का? की हाका मारून, चमकून, आपोआप पुढची चित्रफीत सुरू करून घाई करते?

चौथी पायरी : बाहेर पडून पाहा. गोष्ट संपली की अ‍ॅप थांबते का? थांबण्याची जागा नसलेले अ‍ॅप बंद करताना घरात रडारड होते, आणि त्याचा दोष मुलाच्या हट्टाला दिला जातो. बाहेर पडताना पात्र रडवेले होत असेल तर ते अ‍ॅप काढून टाका.

पाचवी पायरी : दारे मोजा. पाच मिनिटांत किती वेळा बोट जाहिरातीवर, खरेदीवर किंवा दुसऱ्या अ‍ॅपच्या पानावर गेले, ते मोजा. लहान मुलाचे बोट तुमच्यापेक्षा दुप्पट वेळा जाईल, असे धरून चाला.

सहावी पायरी : मुलाबरोबर बसा. मूल काय बोलते ते ऐका. नंतर फोन बाजूला ठेवा आणि त्याच गोष्टीची परीक्षा घरातल्या वस्तूंनी घ्या.

ही सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, हे त्या गटात सर्वांनीच पाहिले. एका ताईंची चार वर्षांची मुलगी अ‍ॅपमुळे वीसपर्यंत इंग्रजी अंक घडाघडा म्हणत होती आणि आईला तिचे फार कौतुक होते. मी आईला म्हटले, "तिला टोपलीतून तीन लिंबं आणायला सांगा." मुलीने ओंजळभर लिंबे आणली. अंकांची नावे तिला पाठ होती, पण तीन म्हणजे किती, हे तिच्या हातापर्यंत पोहोचले नव्हते. आईने अ‍ॅप काढून टाकले नाही, काढायची गरजही नव्हती. तिने रोज संध्याकाळी भाजी निवडताना मुलीकडून चार मिरच्या, दोन बटाटे, पाच लसणाच्या पाकळ्या मागायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी मुलगी बरोबर देऊ लागली, आणि मग अ‍ॅपमधील आंबेही विचार करून टोपलीत टाकू लागली.

६. भाषा कोणती?

आपल्या घरात मराठी बोलली जाते आणि अ‍ॅप मात्र इंग्रजीत असते. "इंग्लिश मीडियममध्ये घालायचंय, आतापासून कानावर पडू दे," असे पालक म्हणतात. ती इच्छा समजण्यासारखी आहे. पण लहान मूल विचार करायला घरच्या भाषेत शिकते, प्रश्न घरच्या भाषेत विचारते. अ‍ॅपमध्ये पाहिलेले आईला सांगता येत नसेल तर चौथा खांब कोसळतो. म्हणून पाच-सहा वर्षांपर्यंत निदान निम्मा वेळ मराठीतील गोष्टींना द्यावा.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांसाठी काही नावे देते. प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेचे "स्टोरीवीव्हर" हे २०१५ पासून चालू असलेले मोफत पुस्तकालय आहे. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रगोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि त्या उतरवून, छापूनही घेता येतात. मांडीवर बसवून वाचून दाखवायला हे उत्तम. पाच वर्षांपुढील, अक्षरओळख झालेल्या मुलासाठी गूगलचे "रीड अलाँग" : मूल मोठ्याने वाचते आणि "दिया" नावाचे पात्र ऐकून अडल्या शब्दाला मदत करते, त्यात मराठीही आहे. खान अकॅडमीचे "खान अकॅडमी किड्स" इंग्रजीत असून मोफत आणि जाहिरातींशिवाय आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी "दीक्षा" : बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड त्यातून उघडतात.

ही नावे म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. अ‍ॅप बदलतात, विकली जातात, बंद होतात. आज जाहिरात नसलेल्या अ‍ॅपमध्ये पुढच्या वर्षी ती येऊ शकते. म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा पंधरा मिनिटांची परीक्षा पाठ करा, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा घ्या. फोनमध्ये मुलासाठी तीनच अ‍ॅप पुरे आहेत : एक गोष्टींचे, एक काहीतरी बनवण्याचे किंवा चित्र काढण्याचे, आणि एक अभ्यासाचे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणे मुलांना आवडते आणि त्यातून ती शिकतात.

७. फोनची तयारी

अ‍ॅप चांगले निवडले तरी फोन मोठ्यांचा असतो, आणि त्यात आपले पैसे व आपली माणसे असतात. चार कामे आजच करून ठेवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपचा पिन मुलासमोर टाकू नका आणि त्याला सांगू नका. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये "अ‍ॅप पिन" करण्याची सोय असते. ती चालू केली की मूल त्याच अ‍ॅपमध्ये राहते, बाहेर पडायला तुमचा पिन लागतो. आणि यूट्यूब दाखवायचेच असेल तर आपोआप पुढचा व्हिडिओ लागणे बंद करा. "यूट्यूब किड्स"मध्ये पालकांनी निवडलेल्याच चित्रफिती दिसतील अशी सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल २०१९ साली अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले होते. मोठी कंपनी आहे म्हणून सर्व ठीक असेल, असे समजून चालत नाही.

जेवताना आणि झोपण्याआधीचा एक तास फोन नको. फोन दाखवल्याशिवाय घास न घेणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळेनासे होते.

८. वेळ नसलेल्या आईसाठी

गटातील एका ताईंनी मला सरळ विचारले, "ताई, मी सकाळी साडेसहाला चार घरची कामं करायला निघते. संध्याकाळी येऊन स्वयंपाक. शेजारी बसायला मी कुठून वेळ आणू?" दहा बाय बाराच्या खोलीत सासू आजारी, बाहेर गल्लीतून दुचाक्या जातात, मुलाला खेळायला अंगण नाही. अशा घरात फोन हा पाळणाघराचे काम करतो. त्या बाईला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे.

तिच्यासाठी आम्ही मिळून जे ठरवले ते असे. स्वयंपाकाची वीस मिनिटे, आधी उतरवून ठेवलेली एकच गोष्ट, नेट बंद, अ‍ॅप पिन केलेले, आणि मूल ओट्याजवळ पाटावर बसलेले, म्हणजे गोष्टीचा आवाज आईलाही ऐकू येतो. भाकरी थापता थापता ती विचारते, "मग कोल्ह्यानं काय केलं?" शेजारी बसणे म्हणजे मांडी घालून बसणेच असे नाही. जेवताना फोन बाजूला ठेवून तीच गोष्ट मुलाने आजीला सांगायची. आजीला आता रोज त्या गोष्टीची वाट पाहायची सवय लागली आहे. बाकीच्या वेळेचा प्रश्न अ‍ॅपने सुटणार नाही. त्यासाठी अंगणवाडी हवी, आणि शेजारच्या मंडळींनी रविवारी उपासनेनंतर तासभर मुलांना खेळवायला पुढे यायला हवे. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षिका आहेत, तरुण संघ आहे. हे त्यांच्या हातचे काम आहे.

९. पाड्यावर टॅब देण्यापूर्वी

आता हितचिंतकांच्या प्रश्नाकडे येते. टॅब द्यायला हरकत नाही, पण देण्याआधी कोसबाडची कसोटी आठवावी.

२०१९ साली टांझानियात संपलेला एक मोठा प्रयोग याबाबत उपयोगी आहे. एक्सप्राइझ या संस्थेच्या स्पर्धेत सुमारे १७० खेड्यांतील, शाळा फारशी न मिळालेल्या मुलांना टॅब दिले गेले आणि पंधरा महिन्यांनी मुले किती शिकली ते तपासले गेले. "किटकिट स्कूल" आणि "वनबिलियन" या दोन गटांना पारितोषिक विभागून मिळाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की अ‍ॅप स्वाहिली भाषेत बनवलेली होती, नेटशिवाय चालत होती, आणि चार्जिंगसाठी गावांत सौरऊर्जेची व्यवस्था केलेली होती. शहरातील कपाटात पडलेला, इंग्रजी खेळांनी भरलेला टॅब पाठवणे म्हणजे हा प्रयोग नव्हे.

पाड्यावरच्या मुलाची घरची भाषा वारली असते, कातकरी असते. आपली पुस्तकी मराठीसुद्धा त्याच्यासाठी दुसरी भाषा असते. तेव्हा बोलणाऱ्या अ‍ॅपपेक्षा चित्रांच्या गोष्टी द्याव्यात, म्हणजे बालवाडीताई त्या मुलांच्या भाषेत सांगू शकतील. टॅब पूर्ण पुसून, आपले खाते आणि सिम काढून द्यावा. बॅटरी फुगलेली नाही ना, ते पाहावे. गोष्टी आधीच उतरवून ठेवाव्यात. टॅब ताईंच्या हातात राहावा आणि चार-पाच मुलांनी भोवती बसून पाहावा. आणि टॅबच्या खर्चात छापील चित्रपुस्तकांचा एक संच, खडू, माती, बियांचे डबे येत असतील तर बहुतेक वेळा तीच देणगी अधिक दिवस टिकते. कोणते द्यावे, हे आधी बालवाडीताईंना विचारा. त्या मुलांना त्या रोज पाहतात.

१०. चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या घरातील मुलाच्या कालच्या दिवसात टीव्ही धरून किती वेळ स्क्रीनसमोर गेला? अंदाज नको, फोनमधील "डिजिटल वेलबीइंग" उघडून पाहा.

२) आपल्या फोनमधील एका अ‍ॅपवर सहा पायऱ्यांची परीक्षा घ्या. ते कोणत्या पायरीवर अडखळले?

३) त्या अ‍ॅपमुळे मूल जे शिकले, ते घरातल्या कोणत्या वस्तूने पुन्हा करून पाहता येईल?

४) आपल्या गल्लीत वेळ नसलेली आई कोण आहे? तिच्यासाठी आपला गट आठवड्यातून एक तास काढू शकेल का? कोणत्या दिवशी आणि कोणाच्या घरी, ते आजच्या बैठकीतच ठरवावे.

५) संडे स्कूलमध्ये फोनवरून गोष्ट दाखवली जात असेल, तर त्यानंतर मुले ती गोष्ट कोणाला सांगतात?

परीक्षा घेतल्यावर जे आढळले ते कागदाच्या एका पानावर लिहून ठेवावे : अ‍ॅपचे नाव, तारीख, किती जाहिराती, कोणती भाषा, आणि मूल काय बोलले. पुढच्या कॉटेज मीटिंगला हे कागद बरोबर आणावेत. दहा घरांचे दहा कागद एकत्र झाले की आपल्या वस्तीतील नव्या आईला कोणत्याही जाहिरातीपेक्षा खात्रीची माहिती मिळेल.